सोनेरी तोरण

रानात हिंडून वेचलेल्या शेंगा, बिया नि वाळक्या फळांवर सोनेरी रंग फवारून वहिनींनी तोरण केलं होतं. आज त्यातल्या एका फळाला मुंग्या लागल्या. मी ते फोडलं. फळ नव्हतंच ते, कोश होता. आत पंख फुटता फुटता मेलेला पतंग, काळा, चिकट, कुजलेला.

"शी! फेक आधी," वहिनी नाक दाबून म्हणाल्या, "आणि तिथे दुसरं काहीतरी लाव. मोकळं दिसतंय."

मला त्यांचीच किळस आली. निसर्गाची आवड म्हणे! वाळकं दिसलं की ते मेलेलंच, असं किती सहज धरून चालतो आपण.

तीनदा हात धुतले, तरी बोटांचा वास जाईना. "वहिनी, हे बघा, अगदी लाकडी मणी!" म्हणत तो कोश फांदीवरून मीच तोडला होता.