अर्णव नावाचं कोणी आहे का हो?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. कारण ही गोष्ट माझ्या एका शहाणपणाची आहे, आणि माझा शहाणपणा म्हणजे काय चीज असते ते आमच्या घरात कोणालाही विचारा.

हल्ली अर्णव नावाची मुलं पायलीला पन्नास मिळतात. पण ऐंशीच्या दशकात आमच्या बोरिवलीत हे नाव कोणी ऐकलंही नव्हतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः दारोदार चौकशी केली होती. आणि तिथेच तर माती खाल्ली!

झालं असं, की माझ्या दादाला लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगा झाला. वहिनी बाळंतपणाला माहेरी, चिपळूणला. ट्रंककॉल आला तो तळमजल्यावरच्या सबनीसकाकूंकडे, कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन त्यांच्याकडेच. दादा फोनवर बोलून धावत वर आला आणि दारातूनच ओरडला, "शैले, आत्या झालीस! आता एकच काम कर. नाव असं काढ, की ह्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाचं नसेल. काय वाट्टेल ते कर, पण माझ्या पोराचं नाव त्याच्या एकट्याचं पाहिजे."

त्याचं दुखणं मला ठाऊक होतं. दादाचं नाव प्रकाश. बिल्डिंगमध्ये प्रकाश तीन. एक सायकलवाला प्रकाश, एक गोरा प्रकाश आणि आमचा नुसता प्रकाश. लहानपणी गोऱ्या प्रकाशने चेंडू मारून कोणाची तरी काच फोडली. तक्रार आली, "तुमच्या प्रकाशने काच फोडली." झालं! आमच्या आईने मागे-पुढे न बघता आमच्या प्रकाशला लाटण्याने बडवला. तो रडत सांगतोय, "अगं, मी नाही, गोरा!" आणि आईला वाटलं, वर तोंड करून रंगाबद्दल बोलतोय. आणखी दोन बसल्या.

"माझ्या पोराने दुसऱ्याच्या वाटचा मार खाल्लेला मला चालणार नाही," दादा म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि वचन दिलं.

आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. चिपळूणला बाराव्या दिवशी बाळाला नुसतं पाळण्यात घातलं. खरं बारसं बोरिवलीला, वहिनी बाळाला घेऊन परत आली की. म्हणजे माझ्या हातात चांगले दोन-अडीच महिने होते. एवढा वेळ मला द्यायलाच नको होता.

मी तेव्हा गोरेगावच्या एका शाळेत कारकून होते. नावांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला नको. प्रत्येक वर्गात संजयच संजय. संजयवरून नजर हटवावी तर राजेश, आणि खालच्या वर्गांत सगळीकडे सचिन आणि अमोल. शेवटी आमच्या संस्कृतच्या सरांना गाठलं. ते डबा खाता खाता म्हणाले, "अर्णव ठेवा."

"म्हणजे काय सर?"

"समुद्र. पण नुसता पाण्याचा साठा नव्हे. उसळणारा, लाटा मारणारा समुद्र. अर्णस् म्हणजे पाणी, त्यावरून अर्णव. वेदांतला शब्द आहे, पण माणसाला ठेवलेला मी अजून पाहिला नाही."

माझ्या अंगावर काटाच आला! आमचे बाबा मालवणचे. पोटासाठी मुंबईत येऊन गिरणीत जन्म काढला, पण जाईपर्यंत त्यांच्या तोंडी समुद्रच. त्यांच्या नातवाला हे नाव नाही ठेवायचं तर कोणाला? झकास! नाव ठरलं.

आता नाव बारशाच्या आधी फोडायचं नसतं. मी घरात अगदी तोंडाला कुलूप. आई रोज मागे लागायची, "माका तरी सांग गो."

"बारशाला कळेल."

"बरां! माझ्याच नातवाचा नाव माकाच ठावक नाय!"

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सरांनी पाहिलं नाही म्हणजे जगात नाहीच कशावरून? समजा बी विंगमध्ये कोणी अर्णव निघाला तर? दादाला काय तोंड दाखवू? खात्री करून घ्यायला हवी. आणि खात्री कशी करतात? विचारून!

म्हणून मी विचारत सुटले.

पहिल्या सबनीसकाकू. "काकू, तुमच्या ओळखीत अर्णव नावाचं कोणी आहे का हो?"

"अर्णव? हे कसलं गं नाव?"

मग मी सांगितलं. समुद्र. उसळणारा. वेदांतला. अर्णस्. काकूंनी कुकरची शिटी होऊ दिली, पण माझं बोलणं मध्ये तोडलं नाही. "नाही बाई, आमच्या सात पिढ्यांत नाही," त्या म्हणाल्या. मी खूश.

मग समोरच्या हंसाबेन. "अरे शैलाबेन, केटलू सरस नाम! एनो मतलब सू?" त्यांनाही सांगितलं, जमेल तेवढ्या गुजरातीत. मग शाळेतली मेघना. मग वाचनालयातल्या बाई, नळावरच्या बायका, भाजीवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा. एका रविवारी तर मी देवळाबाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. आणि प्रत्येकाला शेवटी बजावायचे, "कोणाला सांगू नका हं, गुपित आहे."

सगळीकडून एकच उत्तर. नाही, नाही, नाही. अहो, अख्ख्या बोरिवलीत एक अर्णव नव्हता! मी रात्री शांत झोपायला लागले.

बारशाला आठवडा राहिला होता. वहिनी बाळाला घेऊन आली होती, घरात गडबड. संध्याकाळी सबनीसकाकू पेढे घेऊन आल्या.

"सूनबाई आली गं कल्याणहून! नातवाचं बारसं तिकडेच उरकलं. नाव विचार ना काय ठेवलं!"

"काय ठेवलं काकू?"

"अर्णव!"

हातातला पेढा मी तसाच खाली ठेवला. त्यांना हाताला धरून जिन्यात नेलं. "काकू! अहो, हे मी तुम्हाला..."

"तूच तर विचारलंस ना, कोणाचं आहे का म्हणून? मी सगळीकडे विचारलं. कोणाचंच नव्हतं. म्हणून तर ठेवलं!"

आता बोला!

मी तशीच हंसाबेनकडे. म्हटलं, निदान कोणापाशी तरी रडावं. तर हंसाबेन हसतमुख. "अरे शैलाबेन, तमने सांगायचा राहिला! आमच्यात पण फोईच, म्हणजे आत्याच, नाम पाडते ने. माझा भाऊचा बाबो, बी विंगवाला, एनू नाम मी पाड्यू. अर्णव!" दुसऱ्या दिवशी शाळेत मेघना लाजत लाजत म्हणाली, "रागावू नको हं यार, ताईला मुलगा झाला मालाडला..." मी पुढचं ऐकलंच नाही. भाजीवाल्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझी पार वाट लागली. तीन अर्णव, त्यातला एक पायाखाली तळमजल्यावर आणि एक समोरच्या विंगमध्ये! आणि हे सगळं आमच्या दादाला ठाऊक नाही, कारण गुपित मी फक्त घरच्यांपासूनच पाळलेलं. दादा बिचारा बाळाला मांडीवर घेऊन म्हणायचा, "आत्याने काय नाव काढलंय बघ तुझ्यासाठी! जगात कोणाचं नाही."

बारशाच्या दिवशी सकाळपर्यंत डोकं चालेना. शेवटी देवापुढे निरांजन लावताना एकदम सुचलं. निरंजन! शंकराचं नाव, अर्थ निष्कलंक, ज्याला डाग नाही असा. आणि ह्या खेपेला मी एक पक्कं ठरवलं. कोणालाही विचारायचं नाही. एका शब्दाने नाही. माणूस चुकांतून शिकतो, तशी मी शिकले होते.

दुपारी घर बायकांनी भरलं. चिपळूणहून वहिनीची आई आणि मामी आलेल्या. सबनीसकाकू, हंसाबेन पुढेच. पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचं पातेलं तयार. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मग मी पाळण्यात वाकले, बाळाच्या कानाशी "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले. मी हसत सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "निरंजन!"

कोणी टाळी वाजवली नाही.

वहिनीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. वहिनी साडीच्या निऱ्यांकडे बघायला लागली. आणि मामी, जिला आवाज हळू करता येतच नाही, ती म्हणाली, "अगोबाई! हे त्या पनवेलच्या मुलाचं नाव ना गं? आपल्या सुनीताचं ज्याच्याशी ठरलेलं लग्न मोडलं, तो?"

दादा दारात उभा होता. "कुठलं ठरलेलं?"

त्याला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं! मुंबईत एवढी नावं, पंचांगभर देव, आणि मी नेमकं पनवेल गाठलं!

"अहो, काही नव्हतं," वहिनी म्हणाली. "साखरपुड्याच्या आधीच मोडलं. आठ वर्षं झाली. मी विसरूनही गेले होते हो."

"मग आता रोज हाक मारशील का त्याला? माझ्या घरात? माझ्या पोराला?" दादाचा आवाज चिरकला.

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "काय केलंस गो शैला!"

"बदला!" दादा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता बदला. दुसरं कुठलंही चालेल, कोणाचंही असू दे, चार जणांचं असू दे! पण हे नको!"

आणि मी तोंड उघडायच्या आत सबनीसकाकू पुढे झाल्या. "प्रकाश, रागावू नको. माझं ऐकशील? अर्णव ठेव. अर्णव म्हणजे समुद्र. नुसता समुद्र नाही हं, उसळणारा. वेदांतला शब्द आहे. अर्णस् म्हणजे पाणी!"

शब्दन् शब्द माझा! त्या अर्णस्सकट!

दादाने वर पाहिलं. भिंतीवर बाबांचा फोटो होता, त्याच्याकडे बघत राहिला. आईने डोळ्यांना पदर लावला. "तुझ्या बापाशीक आवडला असता रे," ती म्हणाली. वहिनी तर लगेच हो म्हणाली. पनवेल सोडून ती कशालाही हो म्हणाली असती.

"काकू, काय नाव काढलंत तुम्ही!" दादा म्हणाला.

"ए, ते तो मैं..." हंसाबेन पुढे सरसावल्या. "पहिला मी पाड्यू!"

"तुमचं नंतरचं हो, आमचं कल्याणचं आधी!" काकू म्हणाल्या.

दोघींचं जुंपलं. मला राहवेना. "अरे दादा, ते नाव मी काढलंय! दोन महिन्यांपूर्वी! मीच ह्यांना सांगितलं!"

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की काय सांगू. "गप बस शैले. तू काढलेलं नाव आत्ताच ऐकलं सगळ्यांनी."

बाळाच्या कानात पुन्हा नाव सांगायचं ठरलं. मी पुढे झाले, तर आईने मला दंडाला धरून मागे ओढलं आणि सबनीसकाकू वाकल्या. कुर्रर्र त्यांनी केलं, गुद्दे त्यांनी खाल्ले. मग दादाने आत्याच्या मानाची साडी आणली आणि सरळ त्यांच्या ओटीत घातली. मोरपंखी, बारीक जरीची. वहिनीबरोबर दादरला जाऊन सहा दुकानं पालथी घालून मी स्वतः निवडलेली!

काकू तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी सोसलं असतं. पण त्या खाली गेल्या, साडी नेसून परत वर आल्या, माझ्यासमोर एक गिरकी घेतली आणि म्हणाल्या, "शैले, खरं सांग, कशी दिसते? आणि तुझ्या ओळखीत आहे का गं अशी साडी कोणाकडे?"