अक्कांनी थांबवलेला सिनेमा

फोन धुळ्याचा होता आणि नंबर अनोळखी. दुपारची वेळ, मी जळगावात माझ्या स्वयंपाकघरात ओटा पुसत होते. "तुम्ही तेजूच्या आई ना?" पलीकडून एका बाईंनी विचारलं. "ताई, तुम्ही लगेच निघा," त्या म्हणाल्या. मी ओरडलेच, "तेजूला काय झालं?" "तेजूला नाही हो... ती इथंच बसली आहे माझ्याजवळ. अक्का गेल्या. बसल्या बसल्या गेल्या." खरं सांगायचं तर अक्का गेल्या हे कळायच्या आधी माझी पोर जिवंत आहे एवढंच मला कळलं. रडू मागाहून आलं, आमची बस पारोळ्याला थांबली तेव्हा.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. जन्म सावद्याचा, सगळं आयुष्य धुळ्यात. नर्सची नोकरी केली, यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. देवपुरातल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि सासरची अहिराणी अशी बोलायच्या की माहेरच्यांना वाटावं, ही मुळात आमची नव्हेच. माझी तेजू फार्मसीला धुळ्यात लागली तेव्हा हॉस्टेलचा विषयसुद्धा निघाला नाही. ती अक्कांकडे राहिली. माझा स्वभाव भित्रा. गॅस बंद केला का ते मी दाराबाहेर पडून पुन्हा आत जाऊन बघते, आणि पोर बाहेरगावी असेल तर फोन वाजला तरी धस्स होतं, नाही वाजला तरी होतं. अक्का मला हसायच्या. "सुमन, तुले भ्याले काही कारण लागतच नही ना," म्हणायच्या. पण रोज संध्याकाळी न चुकता फोन करून, "पोर घर येल शे, जेवाले बसनी," एवढं सांगून ठेवून द्यायच्या. पोर घरी आली, जेवायला बसली, त्या एका वाक्यावर मी रात्र काढत असे.

निवृत्तीनंतर त्यांना सिनेमांचं वेड लागलं, आणि तेही जपानी चित्रांच्या सिनेमांचं. ते तेजूने लावलं. कार्टून म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "कार्टूनमा रडू येस का कधी?" असं विचारायच्या. त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला होता. धुळ्याच्या दोघीतिघी, चाळीसगावची औषधाच्या दुकानातली एक मुलगी, फैजपूरचे निवृत्त चित्रकलेचे सर, आणि मी. सगळ्यांनी आठवड्यात एक सिनेमा घरोघरी बघायचा आणि रविवारी बोलून मत पाठवायचं. त्यात अक्कांचा एक नियम होता. शेवटची काही मिनिटं राहिली की सिनेमा थांबवायचा, चहा टाकायचा, आणि पुढे काय व्हावं ते आधी सांगायचं. मग शेवट. शेवट बघून झाल्यावरचं मत त्या मोजतच नसत. "मंग काय, जो तो शहाणाच," म्हणायच्या. मी नियम अर्धाच पाळायची. थांबवायची, आणि पुढचं बघायचीच नाही. शेवटांची मला भीती वाटते.

तो सिनेमा आला तेव्हा मार्गशीर्ष होता. नाव मला धड उच्चारता येत नाही. डोंगरातलं बर्फाळ गाव, छोटं स्टेशन, दिवसातून दोन गाड्या. स्टेशनमास्तरची शाळेत जाणारी मुलगी आणि खालच्या गावाहून रोज गाडीने येणारा एक मुलगा. दोघं बोलतात थोडं, चालतात जास्त. मग ती लाईनच बंद करायचं ठरतं, आणि शेवटच्या गाडीच्या दिवशी पोरगी एक पाय पायरीवर आणि एक पाय फलाटावर ठेवून उभी राहते. तिथं अक्कांनी थांबवायला सांगितलं होतं. ग्रुपवर मतांचा नुसता पाऊस पडला. फैजपूरचे सर म्हणाले, बर्फावरची संध्याकाळ रंगवणाऱ्याचे पाय धरावेत, बाकी गोष्टीत दम नाही. चाळीसगावची मुलगी म्हणाली, तिने जाऊ नये, आधी शिक्षण पुरं करावं, मुलगा खरा असेल तर थांबेल. एकीचं म्हणणं, इतकं हळू प्रेम करतात म्हणून तर ह्यांची लाईन बंद पडली. मी हसत हसत ऐकत होते. अक्कांचं मत तेवढं आलं नव्हतं.

ते आलं, पण दुसरीकडे. आमच्या भाऊबंदांचा एक मोठा ग्रुप आहे, सावदा, फैजपूर, जळगाव, पार पुण्यापर्यंतचे सगळे त्यात. वाढदिवस, केळीचे भाव, लग्नाची स्थळं. त्या ग्रुपवर रविवारी दुपारी अक्कांचा आवाज आला. "अरे, बसी जाऊ द्या तिले गाडीमा. घरना दोन दिन बोंबलतीन, मंग गप बसतीन. एक पाय वर नि एक पाय खाले, कितला दिन उभी राही ती? पोऱ्या चांगला शे." मागेपुढे काही नाही. आणि त्याच आठवड्यात फैजपूरच्या एका घरातून तेजूसाठी होकार आला होता.

पुढच्या तासाभरात आमच्या घरी इतके फोन आले की ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फोन उशीखाली ठेवला. कोण पोऱ्या? कोणत्या गाडीत? पोरगी धुळ्यात कोणाकडे राहते? अक्का सांगत होत्या, "बाप्पा रे, तो पिक्चर शे!" पण चित्रातल्या पोरीसाठी एवढ्या पोटतिडकीने कोण बोलतं, असं सगळ्यांचं म्हणणं. तेजू सुटीला घरी आली होती. तिच्याकडे मी बघितलं. ती गोंधळली नव्हती, चिडली नव्हती. पांढरी पडली होती. आईला याहून जास्त सांगावं लागत नाही. मुलगा खरंच होता. आपल्यातला नव्हता. अक्कांना ठाऊक होतं, आणि आता अर्ध्या खानदेशाला वास लागला होता.

सावद्याचे आबा, म्हणजे माझे चुलत सासरे, आमच्या घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. केळीचा मोठा बागायतदार माणूस, सढळ हाताने देणारा, लग्नकार्यात सगळ्यांच्या आधी उभा राहणारा. पण राग आला की त्यांच्यापुढे जायची कोणाची हिंमत नाही. त्यांनी अक्कांना फोनवर सांगितलं, "धुयाले ठेवली पोर, अन् हे शिकोलं का तिले?" अक्का म्हणाल्या, "आबा, पुढच्या रविवारी जळगावले या बठ्ठा. मी पिक्चर दाखाडस. मंग बोला." सगळ्यांना बोलावलं म्हटल्यावर मी ह्यांना म्हटलं, अक्कांना येऊ नका म्हणावं. ह्यांनी तो फोन केलाच नाही.

तो रविवार मी जन्मभर विसरणार नाही. आमच्या हॉलमध्ये आबा सोफ्यावर, दोन चुलत दीर खुर्च्यांवर, हे दाराशी, आणि सगळ्यांच्या मांडीवर पोह्यांच्या बशा. टीव्हीवर जपानी पोरगी हिंदीत बोलत बर्फातून चाललेली. एक दीर म्हणाला, "ह्या पोरीचे डोये एवढे मोठे काहून?" कोणी हसलं नाही. तेजू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, मी तिच्या मागे, आणि माझा हात नकळत तिच्या दंडावर. अक्का मधोमध, पाटावर, रिमोट हातात. मला वाटत होतं, आत्ता हा सिनेमा संपू नये. तो चालू आहे तोवर कोणी काही बोलणार नाही.

गाडी आली. पोरीने एक पाय पायरीवर ठेवला, मान मागे वळवली, आणि अक्कांनी सिनेमा थांबवला. चहा ठेवायला मला खूण केली आणि शांतपणे म्हणाल्या, "आता बठ्ठा सांगा. बसनी का नही?" मला वाटलं, आबा उठून जातील. पण ते बशीतला शेवटचा घास संपवून म्हणाले, "आपल्या घरची असती त खाली ओढून आणली असती मी. पाय मोडला असता त मोडला असता." अगदी साध्या आवाजात, केळीच्या घडाबद्दल बोलावं तसं. तेजू एक पाऊल मागे, माझ्याकडे सरकली. आबा चांगले आहेत, हे मला माहीत होतं. म्हणूनच जास्त भीती वाटली.

दीरांनी आबांकडे बघून माना डोलावल्या. मग अक्का ह्यांच्याकडे वळल्या. "तू सांग." ह्यांनी थांबलेल्या चित्राकडे बोट केलं. म्हणाले, "बसली की नाही ते मला नको. तिने आधी बापाला सांगितलं होतं का?" अक्का म्हणाल्या, "सांगाले भ्याली ती. बाप काय करी, तिले काय माहीत..." आबा उठले, माल भरायला गाडी येणार आहे म्हणाले, आणि त्यांच्यासोबत सगळेच उठले. शेवट कोणी बघितलाच नाही. चहा तसाच राहिला. जाताना अक्कांनी तेजूच्या डोक्यावरून हात फिरवला. "भिऊ नको, मी शे ना," म्हणाल्या, आणि मला, "बंद करू नको ते. पुढच्या रविवारी पुरं बघू." दोघी संध्याकाळच्या आत धुळ्याला पोचल्या. त्या आठवड्यातला गुरुवार उजाडला आणि तो फोन आला.

अक्कांनी ते मत चुकून तिथं पाठवलं का? दोन्ही ग्रुप फोनवर एकाखाली एक होते, चष्मा नव्हता, असं त्या सांगत होत्या. पण ह्याच बाईने बिनचष्म्याने सुईत दोरा ओवलेला मी पाहिला आहे. आता विचारणार कोणाला! अक्कांचं दहावं-तेरावं झालं. आबा आले होते, अक्कांच्या फोटोपुढे लहान मुलासारखे रडले. आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "फैजपूरवाले थांबले आहेत. वर्षाच्या आत उरकून टाकू." त्या दिवसापासून मी नीट झोपलेली नाही. तेजू जळगावातच आहे, कॉलेज बुडतंय. संध्याकाळी फोन वाजण्याची वेळ होते आणि मी उगाच फोनजवळ जाऊन उभी राहते. मी शे ना, असं म्हणणारं माणूसच राहिलेलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी ह्यांनी टीव्ही लावला. बातम्या बघतील असं वाटलं. पण ते तो सिनेमा शोधत होते. पडद्यावर त्याचं छोटं चित्र होतं, खाली, कुठवर बघितलं ते दाखवणारी लाल रेघ जवळजवळ टोकापर्यंत गेलेली. त्यांनी बटण दाबलं आणि लगेच थांबवलं. तीच पायरी, तीच वळलेली मान. "तेजू," त्यांनी हाक मारली, "इकडे ये. बस." मी हातातला तांब्या खाली ठेवला. "तुझं मत राहिलं त्या दिवशी," हे म्हणाले. "आधी मत, मग शेवट. अक्काचा नियम."

तेजू खाली बसली, अक्का बसल्या होत्या तिथं. म्हणाली, "बाबा, सगळे तिच्या पायाकडेच बघत होते. मागे बघा ना." मीही बघितलं. चित्राच्या कोपऱ्यात, बर्फात, तिचा बाप उभा होता. स्टेशनमास्तर. गुंडाळलेला हिरवा झेंडा त्याच्या हातात होता. त्याने तो दाखवल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. इतक्या जणांनी बघितलं, इतकी मतं दिली, आणि तो माणूस कोणाला दिसला नव्हता.

ह्यांनी रिमोट खाली ठेवला. डोळे चोळले. मग विचारलं, "त्या पोराचं नाव काय?"

तेजूने ते जपानी नाव सांगितलं.

"ह्याचं नाही," हे म्हणाले.

मी आत गेले. सिनेमा थांबला की चहा टाकायचा, हीसुद्धा अक्कांचीच सवय. साखर ओट्यावर सांडली. आबांना कोण सांगणार, फैजपूरला काय कळवायचं, माझ्या पोरीला कोण सांभाळणार... काही म्हणजे काही सुचत नव्हतं. बाहेर तेजू हळू आवाजात नाव सांगत होती. मला ऐकू यावं म्हणून मी गॅस बारीक केला.