सासू समोर बसलेली असताना

सुनेचं मास्टर्स संपत आलं तेव्हा मला बरं वाटलं. ती हुशार निघाली म्हणून नव्हे, ते एकदाचं संपणार म्हणून.

आम्ही थेरगावात राहतो, डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर. धाकटा मुलगा चाकणच्या एका कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. सून लातूरकडची. लग्न ठरलं तेव्हा ती शिकत होती आणि लग्नानंतरही शिकतच राहिली. मी स्वतः चौथी पास. मला वाटायचं, मास्टर्स म्हणजे वर्गात बसायचं आणि परीक्षा द्यायची. हिचं तसं नव्हतं. हिचं संशोधनाचं मास्टर्स. दोन वर्षं एकच विषय धरायचा, लोकांना विचारत फिरायचं आणि शेवटी जाड पुस्तक करून द्यायचं. हिचा विषय होता, घरी बसून कंपन्यांचं काम करणाऱ्या बायका.

तो विषय तिला आमच्याच गल्लीत मिळाला. सकाळी टेम्पो येतो आणि दारोदार रबरी रिंगांची पोती टाकून जातो. रिंग साच्यातून निघते तेव्हा तिच्या कडेला पातळ पापुद्रा राहिलेला असतो. तो छोट्या कात्रीने काढायचा, रिंगेला न दुखावता. दोन दिवसांनी टेम्पो पोती परत न्यायला येतो. या रिंगा पुढे गाड्यांत बसतात म्हणे. मी हे काम वीस वर्षं केलं. माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर आता वळत नाही, ते त्यामुळेच. डोळे अधू झाले ते मात्र वयानेही असेल.

सून पहिल्यांदा एकटीच गेली होती. कोणी दार उघडेना. हातातली फाइल बघून एकीला ती विमा विकणारी वाटली, दुसरीला मीटर तपासणारी. दोन दिवस हात हलवत परत आली. तेव्हा मीच म्हटलं, चल, मी येते. मग मी पुढे आणि ती मागे, अशी आम्ही चाळीसेक घरं केली. मला पाहून दारं उघडली, चहा झाला, फाइल भरत गेली. सून खूश होती. मलाही जरा मोठेपणा वाटत होता, खोटं कशाला सांगू.

एक घर सांगते. जुन्या गाववाल्यांचं. तिथली सून दाराशीच बसली होती. माझ्या सुनेने सगळे प्रश्न विचारले आणि मग नेहमीचा विचारला, "दिवसातून किती वेळ जातो या कामात?"

त्या बाईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग आत पाहिलं. आत तिची सासू गहू निवडत होती.

"आता किती म्हणायचा? घरचं समदं आवरलं की बसते जरा. दीड-दोन तास. वेळ जात न्हाई म्हणून."

आतून आवाज आला, "आमच्यात सुनंला कामाला जुंपत न्हाईत, व्हय. तसं लिवा."

"लिहिते, आजी," माझी सून म्हणाली आणि खरंच लिहिलं.

कपाटामागे तीन भरलेली पोती उभी होती, वरून चादर टाकलेली. मला ती दिसली. सून कागदाकडे बघत होती.

तीन पोती दोन तासांत होत नाहीत. दोन दिवसांतही दोन-दोन तास बसून होत नाहीत. मला हे कोणी सांगायची गरज नव्हती. पण सासू समोर असताना कोणती सून म्हणेल की मी दिवसभर रिंगा कापते? लगेच प्रश्न येतो, मग घराचं कोण बघतं? आणि ज्या घरात सासू नव्हती, त्या घरात मी होतेच. गल्लीला मी सासूसारखीच. माझं तोंड चालतं हे सगळ्यांना माहीत. एखादीने सहा तास सांगितले असते तर संध्याकाळपर्यंत ते चार घरी पोचले असते. म्हणून सगळ्यांचं उत्तर एकच, दीड-दोन तास, वेळ जात नाही म्हणून.

शेवटी सुनेने मलाही विचारलं, "आई, तुम्ही करत होतात तेव्हा किती वेळ बसायचात?" मीही दोन तासच म्हटलं. माझी सासू जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तरी तोंडातून तेच आलं.

मी गप्प राहिले, कारण मला वाटलं, हिला सर्टिफिकेट पाहिजे, ते मिळेल. त्या पुस्तकात दोन लिहिलं काय आणि आठ लिहिलं काय, कोण वाचणार आहे?

पुस्तक जवळजवळ लिहून झालं आणि एके दिवशी सून घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. तिच्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, मास्टर्सवर थांबू नकोस. हेच काम वाढवून थेट पीएच.डी.ला घेता येतं. त्यासाठी समितीपुढे उभं राहायचं, आतापर्यंत काय केलं आणि पुढे काय करणार ते मांडायचं. समितीला पटलं तर पीएच.डी., नाही पटलं तर मास्टर्स घेऊन घरी. पंधरा दिवसांनी तारीख होती.

"आणि ते किती वर्षं?" मी विचारलं.

"चार. कदाचित पाच."

"म्हणजे तुझ्या पदवीला तुझी पोरं येऊन बसणार."

"आली तर टाळ्या वाजवतील, आई. घरचीच माणसं बरी."

मुलगा हसला. तो बायकोच्या बाजूचा. मला मात्र हे नको होतं. वाकडच्या एका संस्थेत तिला नोकरी मिळायच्या बेतात होती. नऊ ते सहा, शनिवारी अर्धा दिवस. माझ्या मनात ती नोकरी पक्की झाली होती आणि मी ते दोघांनाही स्पष्ट सांगितलं. सून म्हणाली, "समितीने नाही म्हटलं तर नोकरी घेईन." इतकंच. ती भांडत नाही, तो तिचा वाईट गुण आहे.

तारखेच्या आठ दिवस आधी तिने मला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. मॅडमनी सांगितलं होतं, विषयातलं ज्याला काही कळत नाही त्याला समजलं पाहिजे. असं माणूस घरात मीच. तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि बोलायला लागली. चांगलं बोलते. मला सगळं समजत होतं. मग टीव्हीवर एक चित्र आलं आणि ती म्हणाली, "बहुतेक स्त्रिया दिवसातून दोन तासांहून अधिक वेळ या कामाला देत नाहीत. म्हणजे हे फावल्या वेळातलं काम आहे." पुढे चार वर्षं ती काय करणार, तेही त्यावरच उभं होतं. बायका फावल्या वेळात हेच काम का निवडतात, त्यातून त्यांना काय समाधान मिळतं, वगैरे.

मी म्हटलं, "थांब. हे खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"दोन तास. कोणी दोन तास बसत नाही. सहा, सात, आठ. पोती न्यायच्या दिवशी त्याहून जास्त."

ती उभीच होती. "पण सगळ्यांनी तेच सांगितलं. चाळीस जणींनी."

"मी समोर बसले होते म्हणून सांगितलं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने लॅपटॉप मिटला.

"आई, आज आठवतंय तुम्हाला हे? आठ दिवस राहिलेत. मी पुढे शिकलेलं तुम्हाला नकोच आहे."

"नको होतंच. ते वेगळं. हे खोटं आहे ते वेगळं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी तुम्हालाही विचारलं होतं!"

"सर्टिफिकेट मिळेल आणि संपेल, असं वाटलं. आता त्याच्यावर तू चार वर्षं घालणार."

हे मी तिला सांगितलेलं कारण. दुसरंही एक होतं, ते नाही सांगितलं. फावला वेळ हा शब्द ऐकून मला राग आला होता. वीस वर्षांत फावला वेळ कुठे असतो ते मी पाहिलं नव्हतं आणि टीव्हीवर माझा अख्खा जन्म त्यात बसवलेला होता. तोही माझ्याच साक्षीने.

मी पुढे म्हटलं, "तुला जायचं तर आहे तसं घेऊन जा. त्या समितीत रिंगा कापलेलं कोणी नसणार. चालून जाईल." मी मनापासून सांगितलं होतं. ती लॅपटॉप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेजारणीकडून एक पोतं आणि कात्री मागून आणली. मोबाइलवर वेळ लावली आणि कापायला बसली. मी फक्त कात्री कशी धरायची ते दाखवलं, कारण ती भलतीच धरत होती. जेवणापर्यंत तिने पोतं जरासुद्धा खाली बसलं नाही इतकंच कापलं. संध्याकाळी बोटं काळी, डोळे लाल आणि पोतं अजून अर्ध्याच्या वर भरलेलं. शेजारीण बघून म्हणाली, "काय गं, एवढं शिकून शेवटी इथंच?" सून म्हणाली, "वहिनी, तुम्हाला एका पोत्याला खरंच किती वेळ लागतो?" मी उठले आणि आत गेले. मी आत गेल्यावरच शेजारीण बोलली. भिंतीआडून ऐकलं मी. पाच तास, हात बसलेला असून.

त्यानंतर ती गल्लीत जायला निघाली तेव्हा मी चप्पल घातली. ती म्हणाली, "आई, तुम्ही येऊ नका." आजवर मला असं घरात कोणी सांगितलं नव्हतं. मी चप्पल काढली. ती चार दिवस अकराच्या सुमाराला जात राहिली, सासवा देवळात किंवा भाजीला गेलेल्या असताना. फाइल घरीच ठेवायची. सुनांबरोबर बसून कापायची आणि बोलायची. सात घरं झाली. एकाही घरात सहा तासांच्या आतला आकडा निघाला नाही.

समितीच्या दिवशी ती सकाळच्या बसने गेली आणि दुपारी चारला आली. काय झालं ते तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. तिने सुरुवातच तिथून केली होती, की माझ्या मास्टर्समधला मुख्य आकडा चुकीचा आहे. गाईड मॅडमना तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं, त्या रागावल्या होत्या, पण अडवलं नाही. समितीतल्या एकांनी विचारलं, "चुकीचा आहे हे तुम्हाला कसं समजलं?"

"मी म्हटलं, सासूबाईंनी सांगितलं."

"मग?"

"हसले सगळे. एक सर नाही हसले. ते म्हणाले, सात घरांवर पीएच.डी. देता येत नाही आणि चुकीच्या चाळिसांवर तर मास्टर्सही देता येत नाही. सगळी घरं परत करा. सहा महिन्यांनी या, मग बघू."

म्हणजे पीएच.डी. तर लांबच, हातातलं मास्टर्सही माझ्या तोंडाने अडकवलं. वाकडची नोकरी सहा महिने थांबणार नव्हती, थांबलीही नाही. मुलगा रात्रपाळी करून आला होता. तो मला म्हणाला, "आई, तू बोलली नसतीस तर आज पेढे आणले असते." मी म्हटलं, "हो."

सुनेने वाद घातला नाही. तिने नवा आराखडा लिहिला आणि मला वाचायला दिला. मी वाचते, हळू वाचते. त्यात मुलाखती कशा घ्यायच्या याचे नियम होते आणि पहिलाच नियम असा, की घरातली किंवा शेजारची ज्येष्ठ स्त्री समोर असताना मुलाखत घेऊ नये. नाव नव्हतं, पण ती मीच. मी म्हटलं, बरोबर आहे, फक्त हे जमणार कसं ते यात लिहिलेलं नाही. सासवा रोज थोड्याच देवळात जातात. पाऊस असला, गुडघे दुखले की घरातच असतात.

तिने पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही सांगा."

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. ज्या दिवशी ज्या घरी तिला जायचं असेल, त्या दिवशी त्या घरची सासू मी बाहेर काढते. कधी भजन, कधी डोळ्यांचं शिबिर, कधी आमच्याच घरी पापड लाटायला. एकदा तिघींना रिक्षात घालून आळंदीला नेलं. सासवांना संशय आला नाही असं नाही. एक म्हणाली, "तुझी सून आमच्या सुनांना काय शिकवती गं?" मी म्हटलं, "काही नाही, घड्याळ बघायला." ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

सहा महिन्यांनी समितीने मास्टर्स मान्य केलं आणि त्याच बैठकीत तिला पीएच.डी.ला घेतलं. न हसलेल्या त्या सरांनीच सही आधी केली म्हणे. आता दुसरं वर्ष चालू आहे. घरात स्वयंपाक मीच करते, आठवड्यातले चार दिवस. मला हे आवडतं असं नाही. पण नोकरीचा विषय मी काढत नाही.

परवा पापडांना पाच जणी बसल्या होत्या. सुना नव्हत्या, पुरुष नव्हते. मी सहज विचारलं, तुमच्या वेळी तुम्ही किती बसायचात? दोघींनी आधी दाराकडे पाहिलं. मग एक म्हणाली, सासू येताना दिसली की मी पोतं पलंगाखाली सरकवायचे. दुसरी म्हणाली, माझं पाण्याच्या टाकीमागे असायचं. मग सगळ्या बोलायला लागल्या आणि पापडांच्या लाट्या सुकायची वेळ आली.

सून सातला आली. तिला मी दारातच सगळं सांगितलं, कोणाचं पोतं कुठे असायचं तेसुद्धा.