होडीतला आचारी

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे बारकू म्हणत, आणि अंगाने तो चांगला आडवा होता. नाव पडलं होतं कामावरून. दातांच्या डॉक्टरांकडून आलेले जबड्यांचे साचे भिंगाखाली धरून तो इतका वेळ घासत बसायचा, की बघणाऱ्याला जांभया याव्यात.

त्याला वेड एकाच गोष्टीचं होतं, तीन भागांच्या एका व्हिडिओ गेमचं. एका जहाजाची कप्तानीण व्हायचं आणि समुद्र पालथा घालायचा. तुम्ही जे जे ठरवाल ते शेवटपर्यंत लक्षात ठेवू, असा बनवणाऱ्यांचा शब्द होता. पहिला भाग आला तेव्हा ताईचं लग्न व्हायचं होतं. रिमोट याच्या हातात, अक्कल ताईची. एका वादळात जहाज वाचवायचं तर मागे बांधलेली होडी सोडून द्यावी लागणार होती. होडीत अकरा खलाशी होते. ताईने मान हलवली, याने दोर कापला आणि दोघं पुढच्या बेटाकडे निघाले.

तिसरा भाग यायला अकरा वर्षं गेली. तोवर ताई दुसऱ्या शहरात बस चालवत होती. नेमका तिचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे तिने आठवड्यात खेळ संपवला. फोनवर तिने एवढंच सांगितलं, की बघच तू.

बारकूने चार दिवस सुट्टी टाकली. दोन तास सगळं झकास चाललं. मग कप्तानीण त्याच्या हातातून काढून घेतली गेली, आणि हाती आला एक म्हातारा आचारी. त्या होडीतून जिवंत राहिलेला एकटाच. उरलेला सगळा खेळ त्याचा, कप्तानिणीला शोधत फिरण्याचा. वर कामही कच्चं. बंदरातली अर्धी घरं पोकळ, एकच बेट दोनदा वापरलेलं, माणसं बोलत तर ओठ भलतीकडेच. जन्मभर तोंडं जुळवणाऱ्याला ते बघवेना. शेवटी काहीही निवडा, जहाज बुडायचंच. अकरा वर्षांच्या निर्णयांचा हिशोब पडद्यावर तीन ओळींत उरकला होता.

आपल्या तोंडाला पानं पुसली, असं त्याला वाटलं. त्याहून लागलं ते वेगळंच. त्याने ताईला फोन लावला.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू खेळलाच नसतास," ताई शांतपणे म्हणाली. "त्या अकरा जणांचं पुढे काय झालं, हे आपण दोघांनी कधी विचारलं होतं का रे?"

त्याने फोन ठेवला. बनवणारे परके होते, पण ताईने केसाने गळा कापला होता. पुढचे तीन आठवडे तिचे फोन वाजून वाजून बंद होत राहिले. कामावर त्याने एक कवळी दोनदा बिघडवली. साचे पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी घरी सगळं ठीक आहे ना विचारलं, तेव्हा एका खेळापायी बहिणीशी अबोला धरलाय हे सांगायची त्याला लाज वाटली.

खेळातल्या चुका मोजून एकदा ताईच्या तोंडावर फेकाव्यात, म्हणून एका रविवारी सकाळी तो पुन्हा खेळायला बसला. वहीत सत्तावीस चुका झाल्या. पण आचारी दर मुक्कामी स्वयंपाक करून अकरा ताटल्या मांडतो आणि एकटाच जेवतो, हे पहिल्या खेपेला रागाच्या भरात त्याने पाहिलंच नव्हतं. बुडालेल्या त्या दहा जणांना नावं होती. पहिल्या भागात ती कुणी विचारली नव्हती. कुणीतरी मागाहून बसून एकेक रचली होती. अख्खी मालिका उलटी करून धरायची, तीही लाडक्या कप्तानिणीच्या विरुद्ध, याला छाती लागते, एवढं त्याला कबूल करावं लागलं.

त्याने वही मिटली आणि ताईला फोन केला. शेवट घाईत गुंडाळलाय, निम्मं काम अर्धवट आहे, आणि तरी असं काही करायची हिंमत दुसऱ्या कुणाची झाली नसती, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. ताईने विचारलं, माझ्यावरचा राग गेला का?

"नाही," तो म्हणाला. "इतक्यात जाणारही नाही. पण मला सांग, शेवटी कप्तानीण समोर आली तेव्हा तू आचाऱ्याला काय बोलायला लावलंस?"



"काहीच नाही," ती म्हणाली. "मी तिला जेवायला बसवलं."

तसंही करता येतं, हे बारकूच्या डोक्यातही आलं नव्हतं.