चोक ओढ रे

बाबांच्या जुन्या मोटरसायकलला गेल्या आठवड्यात मोठी बॅटरी आणि सेल्फ स्टार्टर बसवून घेतला. आता बटणाला अंगठा लागतो न लागतो तोच गाडी गुरगुरू लागते. थंडीतल्या कोवळ्या उन्हात तिचा निळसर धूर शेवग्याच्या फांद्यांत विरत जातो, आणि मी नुसता बघत राहतो.

पूर्वी किक मारून मारून दम लागायचा. मग आतून, अंथरुणातून बाबांचा आवाज यायचा, "चोक ओढ रे!" गुडघ्यांमुळे त्यांची गाडी सुटली होती, तरी ती चालू व्हायची त्यांच्याच शब्दाने. नव्या बटणाने तो आवाजच घालवला. काही माणसं आपल्या अडचणींच्या वाटेनेच आपल्यापाशी येतात; अडचण मिटली की ती वाटही बुजते.

आज चावी न फिरवताच चार किक मारल्या आणि शेवग्यातून हलणारं ऊन बघत थांबलो.

"चोक ओढ रे, चोक!"

"ओढला, बाबा," म्हणत मी चावी फिरवली, बटण दाबलं.

सेल्फचा आवाज त्यांनी ऐकला असणारच. तरी आतून म्हणाले, "बघ, कधीचं सांगतोय."