वेंगुर्ल्याच्या मुलीची फरशी

एदे या डच स्टेशनवर गाडी वीस मिनिटं उशिरा येणार असल्याची सूचना झळकली आणि मी पुन्हा घड्याळ पाहिलं. आर्नहेमला उतरायचं, तिथून बस धरायची, आणि बारा वाजता एका खेड्यात क्रेन येणार. क्रेनच्या आधी मला एक दगड वाचायचा होता.

वाखनिंगनच्या आमच्या प्रयोगशाळेतली एक सहकारी त्या खेड्यातली. तिनं मला फोटो दाखवला होता. चर्चच्या आवारात जुन्या थडग्यांच्या फरश्या रांगेत ठेवलेल्या. ज्यांच्यावरचा मजकूर वाचता येईल त्या चर्चमध्ये नेणार, बाकीच्या नव्या पायवाटेत पालथ्या घालणार. एका फरशीवर रोमन अक्षरांत ‘...गुर्ला’ असं काहीसं मला दिसलं. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे डचांच्या वखारीच्या पडक्या भिंती आहेत, लहानपणी तिथं आम्ही लपाछपी खेळलो. हा कुणीतरी वखारीतला व्यापारी, मी ठरवूनच टाकलं. आमचं गाव इथवर पोचलंय हे सगळ्यांना दाखवायची मला भलतीच घाई झाली होती.

बस चुकलीच. पुढच्या बसनं पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. फाटकाशी हेन्क उभे होते, निवृत्त शिक्षक, फरश्यांची यादी त्यांच्याकडे.

“आपली आफस्प्राक (ठरवून घेतलेली वेळ) साडेदहाची होती,” ते म्हणाले.

मी तीनदा माफी मागितली. या देशात उशिराला गाडीचं कारण चालतं, पण फार नाही.

फरशी काळपट निळी, वरचा एक कोपरा फुटलेला. अक्षरं इतकी झिजलेली की बोटांना लागायची, डोळ्यांना नाही. हेन्क दोनदा गुडघ्यावर बसून उठले. “चर्चच्या समितीनं मला पाच वेळा विचारलंय. वाचता येत नसेल तर मी काय लिहू?” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “थांबा, कॉफी आणतो.”

ते आत गेले आणि मी पिशवीतून तांदळाचं पीठ काढलं. माझे काका कोकणात देवळंदेवळं फिरून शिलालेख वाचतात, ते असंच करतात. कोरडं पीठ पसरायचं, हातानं पुसायचं, खोबणीत राहिलेलं पीठ अक्षर दाखवतं. विचारायला हवं होतं हे मला सुचलंसुद्धा नाही. मी मूठभर पीठ पसरलं, आणि तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला.

हेन्क दोन कप आणि दोन बिस्किटं घेऊन आले तेव्हा फरशीवर उकडीच्या मोदकाची तयारी चालल्यासारखं दिसत होतं.

“हे काय?”

“पीठ. अक्षरं दिसायला.”

“पीठ!” त्यांचा आवाज चढला. “दगडाच्या भेगांत हे सडेल, त्यावर बुरशी येईल. आणि हे कुणाचं तरी थडगं आहे, बाई!”

मी वनस्पतींच्या बुरशीवर काम करते. ते वाक्य मला दुसऱ्या कुणी ऐकवावं याची लाज वाटली. कप खाली ठेवला आणि बादली मागितली. दोघांनी मऊ ब्रशनं पाण्याखाली फरशी घासली. मी रेघ न् रेघ बोटानं तपासत होते. बारा वाजायला दहा मिनिटं असताना क्रेन फाटकातून आत आली. चालक खाली उतरला आणि पायवाटेत घालायची पहिली फरशी म्हणून त्यानं आमच्याकडेच बोट दाखवलं.

“दोन मिनिटं,” हेन्क त्याला म्हणाले. मग त्यांनी आपला रेनकोट काढला, माझ्या आणि फरशीच्या डोक्यावर धरला. “मोबाइलचा दिवा. अगदी कडेनं, दगडाला टेकवून.”

दिवा आडवा धरला आणि सावल्यांतून अक्षरं उठली. हेन्क एकेक शब्द वाचू लागले. आधी ‘...यांची मुलगी, विंगुर्ला येथे जन्म’. मुलगी! व्यापारी नव्हताच. मग मुलीचं नाव, मारिया. मग ‘वय वर्षे नऊ’. बापाचं नाव फुटलेल्या कोपऱ्याबरोबर गेलं होतं.

हेन्कनी रेनकोट तसाच धरून ठेवला होता, स्वतः भिजत. मला रडू आलं. इतक्या लहान पोरीला जहाजात घालून इथं आणलं, थंडीत, आणि मी तिच्यावरून गावाचा तोरा मिरवायला निघाले होते.

त्यांनी यादीत काहीतरी लिहिलं आणि चालकाला चर्चचं दार दाखवलं. पट्टे बांधले, फरशी वर उचलली, आणि ती झुलली तेव्हा मी श्वास रोखला. ती आत भिंतीशी टेकली. मग आम्ही थंडगार कॉफी प्यायलो. हेन्कनी मला दुसरं बिस्किटही दिलं, डच माणसाकडून ही क्षमाच म्हणायची.

परतीच्या बसमध्ये बाबांना वेंगुर्ल्याला फोन लावला. आपल्या गावाची एक मुलगी इथं सापडली, नऊ वर्षांची, एवढंच आधी सांगितलं. आमच्या गावात कुणालाही कुणी भेटलं की पहिला प्रश्न जो विचारतात, तोच त्यांनी विचारला.

“कोणाचा गो चेडू (कोणाची मुलगी)?”

“बापाशीचा नाव फुटान गेला, बाबा.”



“मगे आमचाच म्हण.”