सरकारच्या नावावर खपवलेली सात वर्षं

या वसंतात इथे जर्मनीत, आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. निवृत्तीचं वय सत्तरवर न्यावं, असं कुणीतरी टीव्हीवर सुचवलं आणि सूपच्या रांगेपासून कॉफीच्या मशीनपर्यंत सगळे पेटले. "फ्रान्समध्ये असतो तर एव्हाना टायर जाळले असते," एकजण म्हणाला. नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी म्हणाली, "आमच्या वेळी रेंटेच उरणार नाही, पेन्शनच नसेल तर वयाचं काय घेऊन बसलात?"

सगळ्यांत चिडला होता आमच्या इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे दिवे, दारं, हीटर सांभाळणारा माणूस. एकोणसाठ वर्षांचा. तरुणपणी कोलोनच्या छपरांवर कौलं घालायचा, गुडघे तिथेच गेले. सह्यांचा कागद घेऊन तो टेबलाटेबलाशी थांबत होता.

"जे जन्मात खुर्चीपेक्षा उंच कशावर चढले नाहीत, ते ठरवणार मी शिडीवर कोणत्या वयापर्यंत चढायचं!" माझ्यापुढे कागद ठेवत तो म्हणाला, "तुझं बरं आहे. तू बसल्या बसल्या शंभरीपर्यंत टाइप करशील. तरी कर सही."

सगळे हसले. मीही हसलो आणि सही केली. पण ती बातमी ऐकल्यापासून मला आतून बरं वाटत होतं, हे त्या टेबलावर कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. इतक्या चिडलेल्या माणसांत मी एकटाच, पकडता पकडता सुटलेल्या माणसासारखा बसलो होतो.

त्याचं कारण पुण्यात आहे. बाबा गेले तेव्हा तेराव्याला मामांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "आता आईचं काय?" आमच्याकडे सगळे अठ्ठावन्नला नाहीतर साठला निवृत्त झालेले. बाबा जिल्हा परिषदेतून, मामा बँकेतून. कोलोनमध्ये नोकरी करूनही माझ्या डोक्यातला हिशेब जिल्हा परिषदेचाच होता. मी सरळ म्हणालो, "साठीला मी रिटायर होऊन येतोच. तोवर ताई आहेच." ताई शाळेत शिकवायची, तिनं लग्न केलेलं नव्हतं. 'आहेच' म्हणताना कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी पेन्शन ऑफिसचं पत्र आलं. ते इथे दरवर्षी येतं, आधीची मी कधी नीट वाचलीच नव्हती. पूर्ण रेंटे कोणत्या महिन्यापासून, ते त्यात लिहिलेलं असतं. माझा महिना सदुसष्टाव्या वाढदिवसानंतरचा होता. मी दोनदा वाचलं, पंचिंग मशीननं भोकं पाडली आणि फाइलला लावलं. दिवाळीला गेलो की समोर बसून सांगू, म्हटलं. त्या दिवाळीला नाही सांगितलं, पुढच्याही नाही. फाइल जाड होत गेली. आज मी चोपन्न वर्षांचा आहे.

ताई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आई आता शहाऐंशीची. तिला उठवणं, आंघोळ, गोळ्या, दुपारी तिला भास होतात तेव्हा हात धरून बसणं, सगळं ताईचं. "माझी शाळा सुटली आणि घरची भरली," असं ती हसून म्हणते. आणि प्रत्येक वेळी विचारते, "किती राहिली रे तुझी?" मी साठातून वजा करून आकडा सांगायचो.

कबुलीच द्यायची तर पूर्ण देतो. साठीला नोकरी सोडून जायला मला कुणी अडवलेलं नाही. मला जायचं नव्हतं. इथलं घर, माझी बायको, मुलगी, सकाळची माझी ट्राम, हे सोडवत नव्हतं. पण तिकडे बांधून ठेवलं होतं मी ताईला, आणि दर रविवारी फोन करताना बांधल्यासारखं मलाच व्हायचं.

कॅन्टीन पेटलं त्या आठवड्याच्या रविवारी फोन स्पीकरवर होता. ताई म्हणाली, "अरे, बातम्यांत दाखवत होते, जर्मनीत रिटायरमेंटचं वय वाढवणार म्हणून. तुला नाही ना लागू? तुम्ही जुने लोक."

मी एक क्षणही वाया घालवला नाही. "लागू आहे ना ताई. सदुसष्ट केलं. आता काय करणार, सरकारच तसं."

"मेल्यांना काही माणुसकी?" ताई भडकली. "म्हातारी आई आहे म्हणून अर्ज नाही का करता येत?"

माझी मुलगी टेबलापाशी अभ्यास करत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्येच देते. मान वर न करता ती म्हणाली, "पापा, श्टिम्ट डोख गार निष्ट." हे मुळीच खरं नाही. आणि पुढे जर्मनमध्येच, की तुझं तर आधीपासून सदुसष्टच आहे, आत्ता बोलतायत ते सत्तरबद्दल, आणि तेही अजून नुसतं सुचवलंय. शाळेत तिनं त्यावर भाषण तयार केलं होतं.

"काय म्हणतेय रे पोर?" ताईनं विचारलं.

"जेवायला बोलावतेय."

मुलीनं पेन खाली ठेवलं. उठून फोनपाशी आली आणि माझ्याकडे न बघता, अडखळत, मराठीत बोलली. "आत्या, मी जेवण नाही म्हणाली. बाबा चूक सांगतो."

मग सांगावंच लागलं. पत्राचं, फाइलचं, सगळं.

"कधीपासून माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीपासून."

"म्हणजे मी रिटायर झाले तेव्हाही. शाळेनं मला आणखी दोन वर्षं बोलावलं होतं, आठवतंय? मी नको म्हटलं. म्हटलं, थोड्याच वर्षांचा प्रश्न आहे, मग आपण मोकळ्या." मग ती म्हणाली, "तू सदुसष्टचा होशील तेव्हा मी चौऱ्याहत्तरची असेन. ते कधी मोजलंस?"

मोजलं होतं. नाही म्हणालो.

"दिवाळीपासून तीन महिने तू इथे येऊन राहा. मी नसेन."

"ताई, तीन महिने रजा इथे एवढी सहज..."

"तिथे काय मिळतं नि काय नाही, ते मला सांगू नकोस. तुझ्या सांगण्यावर मी आता काही ठरवत नाही. येतोस की नाही?"

"बघतो."

"बघतो नको."

"येतो," मी म्हणालो. आतून आईची हाक आली आणि ताईनं फोन ठेवला.

बिनपगारी रजेचा अर्ज मी सोमवारी दिला. साहेबानं तो वाचला, म्हणाला, प्रोजेक्टच्या ऐन मध्यावर तीन महिने, जरा विचार करून सांगतो. त्याला आता तीन आठवडे झाले. काल ताईनं तिकिटाचा फोटो पाठवला. पुणे ते गुवाहाटी, तारीख दिवाळीतली, प्रवासी एक. साहेब आज नऊ वाजता येतो. मी साडेआठपासून त्याच्या दाराबाहेर उभा आहे.